पलंगाची कांति

घरांत लग्नकार्य निघालें म्हणजे भिंतींना सफेदी, दारांना रंग आणि माडीवरच्या जुन्या पलंगाला पॉलिश, असा क्रम शहरांतल्या बहुतेक घरांतून ठरून गेलेला असतो. पॉलिशवाल्याला बोलावणें जातें. तो पलंगाच्या खुरावर नख ओढून पाहतो, सारें खरवडून काढावें लागेल असें सांगतो, आणि दोन दिवसांत कांचकागदाच्या भुकटीबरोबर त्या पलंगावरचा साठसत्तर वर्षांचा थर केरांत जातो. लाकूड राहिलें, नक्षी राहिली. मग गेलें तें काय? वरचा रंगच तर गेला, असें घरची मंडळी म्हणतात. परंतु लाकडी सामानाच्या इतिहासाकडे पाहिलें तर निराळेंच दिसून येतें. लाकूड आणि नक्षी यांच्याइतकाच तो वरचा पातळ लेपहि त्या वस्तूचा घटक असतो. ती वस्तु कोणत्या काळीं, कोणत्या मालानें आणि कोणत्या रीतीनें सजली याची साक्ष पुष्कळ वेळां लाकडापेक्षां तो लेपच अधिक स्पष्टपणें देतो.

लाकडाला लेप कां द्यावा लागतो? तोडलेलें लाकूड वाळलें तरी त्याची हालचाल थांबत नाहीं. पावसाळ्यांत तें हवेंतील ओल शोषून फुगतें आणि उन्हाळ्यांत ती ओल सोडून आकसतें. लेपामुळें ही देवघेव मंद होते, धूळ व तेलकट हात यांपासून लाकडाचें रक्षण होतें आणि त्याच्या अंगच्या रेषा उठून दिसतात. तेल, मेण, राळ, लाख आणि रंग हीं सारीं याच कामासाठीं निरनिराळ्या देशांत वापरांत आलीं. त्यांपैकीं लाखेची कथा सर्वांत लांबची आहे, आणि ती येथल्याच रानांतून सुरू होते.

लाख म्हटली म्हणजे मराठी माणसाला प्रथम आठवतें तें वारणावतांतील जतुगृह. पांडवांना जाळण्यासाठीं लाखेचें घर उभारलें या कथेवरून एवढें तरी निश्चित कळतें कीं, हा पदार्थ आणि त्याचा ज्वालाग्राही गुण त्या काळीं लोकांच्या चांगल्या परिचयाचा होता. स्त्रियांच्या पायांचा अळिता लाखेच्याच रंगाचा. ही लाख झाडाची नव्हे, एका सूक्ष्म किड्याची निर्मिति आहे. पळस, बोर आणि कोशिंब या झाडांच्या कोंवळ्या डाहाळ्यांवर हे किडे लाखोंच्या संख्येनें वस्ती करतात, झाडाचा रस शोषतात आणि स्वतःभोंवतीं राळेसारखें कवच निर्माण करतात. पळस-बोरांवरच्या जातीला रंगीनी आणि कोशिंबावरच्या जातीला कुसुमी म्हणतात. दोहोंचीं वर्षाला दोन दोन पिकें येतात. या किड्याचें सविस्तर वर्णन जेम्स केर यानें १७८१ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. परंतु रानांतले लोक त्याच्या कितीतरी आधीपासून डाहाळ्या बांधून नव्या झाडांवर त्याची पेरणी करीत आले होते.

या लाखेनें लाकूड रंगविण्याची जुनी देशी रीत ब्रशाची नाहीं. कातारी लाकडाचा तुकडा सांध्यावर चढवून फिरवितो आणि रंग मिसळलेली लाखेची कांडी त्या फिरत्या लाकडावर दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळते, लाकडाच्या अंगावर सारखी पसरते, आणि वरून केवड्याचें पान दाबून धरलें कीं तिला चकाकी येते. तेलाची, दारूची किंवा वाळत ठेवण्याची गरज नाहीं. लाकूड सांध्यावरून उतरतें तेंच रंगून. पलंगाचे आणि पाळण्याचे कातीव खूर याच रीतीनें रंगवीत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ऐन-इ-अकबरींत दारांच्या चिकांना द्यावयाच्या लाखेचें प्रमाणच दिलेलें आहे: तांबड्या रंगासाठीं ४ शेर लाखेला १ शेर हिंगूळ, आणि पिवळ्यासाठीं ४ शेर लाखेला १ शेर हरताळ.

त्याच सुमारास गोव्यांत एक जिज्ञासु डच तरुण राहत होता. यान हायगेन व्हान लिन्सखोटेन हा १५८३ मध्यें गोव्यास आला आणि आर्चबिशपच्या पदरीं चिटणीस म्हणून त्यानें कांहीं वर्षें काढलीं. १५९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथांत त्यानें लाखेची हकीकत मोठ्या आस्थेनें दिली आहे. पलंग, खुर्च्या, चौरंग असें सर्व कातीव सामान या देशांत लाखेनें रंगवितात आणि तें सर्वत्र सर्रास वापरांत आहे, असें तो नमूद करतो. म्हणजे चारशें वर्षांपूर्वीं रंगीत शयनसामान ही येथें दुर्मिळ चैन नव्हती. गुजरातेंत संखेड्याचे पलंग व झोपाळे आणि आपल्याकडे सावंतवाडीच्या चिताऱ्यांचें लाखकाम हीं त्याच परंपरेचीं आजहि जिवंत असलेलीं उदाहरणें होत.

युरोपांत मात्र याच सुमारास एका वेगळ्याच वस्तूचा मोह पसरला होता. चीन व जपान येथून येणाऱ्या काळ्याभोर, आरशासारख्या पेट्या तेथील श्रीमंतांना हव्या होत्या. त्या पेट्यांवरचा लेप एका झाडाच्या चिकाचा. तो दमट हवेंतच घट्ट होतो आणि ताजा असतांना अंगाला लागला तर कातडीवर पुरळ उठतो. हा चीक युरोपांत नेऊन वापरणें शक्य झालें नाहीं. तेव्हां तिकडील कारागीर हिंदुस्थानच्या लाखेकडे वळले. ती मद्यार्कांत विरघळते, थरावर थर देतां येते आणि तिला चकाकी आणतां येते. १६८८ मध्यें स्टॉकर व पार्कर या दोघांनीं ऑक्सफर्ड येथें या नकली जपानी कामावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यांत लाखेचीं व्हार्निशें करण्याच्या कृति दिल्या आहेत. इंग्रजीं ‘लॅकर’ हा शब्द लाखेवरूनच गेलेला. नांव हिंदुस्थानच्या किड्याचें आणि मोह जपानच्या झाडाचा, असा हा मजेदार संकर झाला.

नित्याच्या सामानाला मात्र युरोपांत तेल आणि मेण यांचाच आधार होता. शेरेटन या इंग्रज सामान-रेखकाच्या १८०३ च्या कोशांत जवसाचें तेल व विटांची वस्त्रगाळ पूड यांनीं महोगनी घासण्याची रीत सांगितलेली आहे. हें काम सावकाशीचें. परंतु त्यानें येणारी झळाळी खोल, मऊ आणि वापराबरोबर वाढत जाणारी असे. मग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्सकडून एक नवी युक्ति आली. कापडांत कापसाची पुरचुंडी बांधावयाची, ती मद्यार्कांत विरघळविलेल्या लाखेनें भिजवावयाची, वर तेलाचा थेंब लावावयाचा, आणि वर्तुळाकार हात फिरवीत लाकडावर केंसाइतके पातळ थर एकावर एक चढवावयाचे. शेंवटीं नुसत्या मद्यार्कानें तेल उडवून लावलें कीं पृष्ठभाग आरशासारखा दिसूं लागतो. हेंच तें फ्रेंच पॉलिश. इंग्रजी धर्तीच्या सामानाबरोबर तें हिंदुस्थानांतहि आलें; आणि ज्या देशांतून लाख गेली त्याच देशांत ती फ्रान्सचें नांव धारण करून परतली.

येथून लाकडी सामानाच्या इतिहासांतील एक खेदाचा भाग सुरू होतो. नव्या चकाकीचें वेड इतकें पसरलें कीं, इंग्लंडांतील घरोघरचें जुनें सामानहि तिच्यापुढें निस्तेज भासूं लागलें. पिढ्यान् पिढ्यांच्या मेणानें व हातांच्या स्पर्शानें ज्या मेजांना व पलंगांना गर्द, ऊबदार रंग आला होता, त्यांचे पृष्ठभाग खरवडून त्यांवर फ्रेंच पॉलिश चढविण्यांत आलें. १८६८ मध्यें चार्ल्स ईस्टलेक यानें गृहशोभेवरील आपल्या पुस्तकांत या प्रघाताला कडक विरोध केला. अशा रीतीनें झांकलेलें लाकूड वयाबरोबर रंग बदलूं शकत नाहीं आणि जुन्या सामानाचें खरें सौंदर्य तर त्या बदलांतच असतें, असें त्याचें म्हणणें होतें. त्याची टीका थोडी एकांगी म्हणतां येईल, कारण लाखेचा लेपहि काळाबरोबर पिकतो. परंतु मूळ मुद्दा खरा होता: तासून काढलेलें वय पुन्हां चढवितां येत नाहीं.

इकडे हिंदुस्थानांत या मागणीनें लाखेच्या धंद्याचें स्वरूपच पालटलें. पूर्वीं लाखेचा तांबडा रंग हा राळेइतकाच, किंबहुना अधिक मोलाचा माल होता. १८५६ मध्यें पर्किन यानें कृत्रिम जांभळा रंग काढला, १८६९ नंतर मंजिष्ठाचा रंगहि कृत्रिम रीतीनें होऊं लागला, आणि लाखेच्या रंगाचा व्यापार बसला. जो रंग विकण्यासाठीं जपून ठेवीत, तो आतां धुवून पाण्याबरोबर सोडून देऊं लागले. राहिली ती राळ. मिर्झापुरासारख्या ठिकाणीं दाणेलाख लांब अरुंद कापडी पिशवींत भरून निखाऱ्यांपुढें धरीत, पिशवीला पीळ देऊन वितळलेली लाख बाहेर काढीत, आणि कारागीर ती ऊन ऊन चादर हात, पाय व दांत यांनीं ताणून कागदासारखी पातळ करीत असे. तिचे तुकडे म्हणजे चपडा. लंडनच्या दिवाणखान्यांतील आरशासारख्या मेजामागें आगीपुढें बसलेल्या या माणसाचे भाजलेले हात होते.

फ्रेंच पॉलिश उंची लाकडासाठीं. सामान्य घरांतील निजण्याच्या खोलीचें काय? तेथें रंगाचें राज्य होतें. पाइन हें देवदाराच्या जातीचें हलकें, गांठाळ लाकूड. तें उघडें ठेवण्यासाठीं कोणी वापरीतच नसे. १८५० मध्यें अमेरिकन लेखक डाउनिंग यानें खेड्यांतील घरांविषयींच्या आपल्या ग्रंथांत बॉस्टनच्या एका कारखान्याचें रंगीत शयनसामान मुद्दाम वाखाणलें आहे. पांढऱ्या, करड्या, फिकट जांभळ्या किंवा निळ्या रंगाची गुळगुळीत भूमि, तीवर फुलांची चित्रें, आणि पलंग, आरसा, कपाट, खुर्च्या सारें एका मेळाचें. अशा संचांमुळें बेताच्या मिळकतीच्या कुटुंबालाहि प्रसन्न खोली लाभे. येथें रंग हा दोष झांकण्याचा पडदा नव्हता, तर कारागिराच्या कल्पनेचाच भाग होता. पलंग घडतांनाच तो रंगविण्यासाठीं घडला होता.

ही गोष्ट पुढच्या पिढ्या विसरल्या. १९६० नंतरच्या दोन दशकांत इंग्लंडांत अगदीं उलट वारें सुटलें. नैसर्गिक लाकडाची आवड उत्पन्न झाली आणि जुनीं रंगीत कपाटें, खणांचीं टेबलें व दारें कॉस्टिक सोड्याच्या हौदांत बुडवून सोलून काढण्यांत येऊं लागलीं. सोड्यानें रंग तर गेलाच, पण सांध्यांतला सरसहि सैल झाला आणि लाकडाचे तंतु उठून त्याला करडी कळा आली. जें लाकूड मूळ कारागिरानें कधींच उघडें ठेवलें नव्हतें, त्याला ‘मूळ स्वरूपांत आणलें’ असें समाधान मानण्यांत आलें. शंभर वर्षांपूर्वीं मेण खरवडून चकाकी चढविणारे आणि आतां रंग खरवडून लाकूड उघडें करणारे, दोघांचीहि चूक एकच होती: आपल्या पिढीची आवड तेंच वस्तूचें सत्य, असें त्यांना वाटलें.

दरम्यान लेपांच्या सृष्टींत मोठी क्रांति होऊन गेली होती. १९२० नंतर कापसापासून होणाऱ्या नायट्रोसेल्युलोजचे लेप पिचकारीनें उडविण्याची पद्धति आली. ड्यूपाँट कंपनीचा ड्युको हा त्यांतला नांवाजलेला रंग १९२३ सालचा. तो मिनिटांत वाळे. त्यापुढें पुरचुंडीनें दिवसेंदिवस घासणाऱ्या कारागिराचा टिकाव लागेना. लाखेला या काळांत आधार मिळाला तो ग्रामोफोनच्या तबकड्यांचा. लाखेच्या संशोधनासाठीं एक मंडळ स्थापन झालें आणि त्यांतून १९२४ मध्यें रांचीजवळ नामकुम येथील संशोधनसंस्था उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धांत लाख ही युद्धोपयोगी वस्तु ठरली आणि १९४२ मध्यें अमेरिकेनें तबकड्यांसाठीं तिच्या वापरावर मोठी कपात लादली. पुढें १९४८ मध्यें व्हिनाइलची तबकडी निघाली आणि तोहि आधार गेला. त्यानंतर पॉलियुरेथेन व मेलामाइन यांचे कठीण, पाण्याला दाद न देणारे लेप घरोघर पोहोंचले.

हे नवे लेप वाईट आहेत असें म्हणणें अन्यायाचें होईल. लाखेचे दोष उघड आहेत. ओला पेला ठेवला तर पांढरें वर्तुळ उमटतें, ऊन भांडें ठेवलें तर डाग पडतो, सोड्याचें पाणी तिला खातें आणि मद्यार्क तर तिला विरघळवितोच. परंतु या शेंवटच्या दोषांतच तिचा सर्वांत मोठा गुण दडलेला आहे. जुन्या लाखेवर नव्या लाखेची पुरचुंडी फिरविली कीं मद्यार्कानें जुना थर किंचित् विरघळतो आणि नवा त्यांत मिसळून एकजीव होतो. म्हणून लाखेचा पलंग दर पिढीला नवा करतां येतो आणि तरीहि तो जुनाच राहतो. पॉलियुरेथेनचें तसें नाहीं. तो एकदां घट्ट झाला म्हणजे पुन्हां विरघळत नाहीं. त्यावरचा नवा थर नुसता वर बसतो, आणि तो फुटूं लागला तर तासून काढण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. एक लेप दुरुस्तीसाठीं आहे, दुसरा टिकण्यासाठीं. टिकाऊ लेप अधिक दिवस चालतो. पण तो जातांना लाकडाचा थोडा भाग घेऊन जातो.

म्हणून जुन्या पलंगाला हात लावण्यापूर्वीं त्याच्या अंगावर काय आहे हें पाहणें हें पहिलें काम. परीक्षा सोपी आहे. खुराच्या मागें, कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीं अशा जागीं, स्पिरिटाचा एक थेंब ठेवावा. पृष्ठभाग मऊ व चिकट झाला तर लेप लाखेचा समजावा. टर्पेंटाइननें फडक्याला पिवळसर मळ लागून जागा निस्तेज झाली तर तेथें मेण आहे. दोहोंचाहि परिणाम झाला नाहीं तर लेप बहुधा नव्या जातीचा. लाखेचा असेल तर पुष्कळदां खरवडण्याची आवश्यकताच नसते. वर्षांनुवर्षांचा धूर व तेलकट मळ मऊ फडक्यानें हळूहळू पुसून काढला आणि वर दोनतीन पातळ हात दिले कीं आंतली कांति बाहेर येते. आधीं साफ करावें, मग ताजें करावें, आणि खरवडणें सर्वांत शेंवटीं ठेवावें, हा क्रम वस्तुसंग्रहालयांतील जाणते लोक पाळतात. घरींहि तो पाळण्यास अडचण नाहीं. व्हिनियरच्या सामानाला तर हा नियम दुप्पट लागू, कारण वरचें उंची लाकूड कागदासारखें पातळ असतें आणि कांचकागदाचे चार हात जास्त पडले कीं खालचें हलकें लाकूड उघडें पडतें.

जुना रंग खरवडण्यांत आणखी एक धोका असतो, आणि तो सौंदर्याचा नसून प्रकृतीचा आहे. पूर्वींचा पांढरा रंग म्हणजे सफेता, अर्थात् शिशाचा क्षार. त्यानें रंगाऱ्यांना होणारे विकार फार पूर्वीं ध्यानांत आले होते. १९२१ मध्यें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें इमारतींच्या अंतर्भागीं सफेत्याचा वापर, कांहीं अपवाद सोडून, बंद करण्याचा करार मंजूर केला. अमेरिकेंत घरगुती रंगांत शिसें घालण्यास १९७८ मध्यें बंदी झाली. भारतांत २०१६ च्या नियमांनीं घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरविली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आली. अर्थ असा कीं, त्यापूर्वीं रंगविलेल्या कपाटांत, पलंगांत व पाळण्यांत शिसें असूं शकतें. असा रंग कोरड्या कांचकागदानें घासला तर त्याची धूळ कारागिराच्या छातींत आणि घरांतल्या रांगत्या मुलाच्या हातांत जाते. लहान मुलांच्या मेंदूला शिसें विशेष अपायकारक आहे. रंग शाबूत असेल तर त्यावर नवा रंग देऊन तो झांकणें हेंच पुष्कळदां शहाणपणाचें ठरतें. काढावयाचाच असेल तर तो ओला ठेवून, मुलांना दूर ठेवून आणि जाणत्या माणसाकडूनच काढून घ्यावा.

याचा अर्थ जुन्या सामानाला रंग लावूंच नये असा मुळींच नाहीं. देवदारी खोक्याच्या लाकडाचें कपाट किंवा पूर्वींच दहा वेळां रंगविलेला पलंग पुन्हां रंगविणें यांत पाप नाहीं. डाउनिंगच्या काळापासून, आणि आपल्याकडे लिन्सखोटेनच्याहि आधीपासून, निजण्याची खोली रंगानें प्रसन्न होत आली आहे. प्रश्न रंगाचा नाहीं, विचाराचा आहे. शिसवी छपरी पलंगावर पांढरा तैलरंग फासण्यापूर्वीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, लाखेवर रंग चढवावयाचा म्हणजे आधीं ती घासून खरबरीत करावी लागते, आणि शिसवाच्या उघड्या छिद्रांत एकदां शिरलेला रंग पुढें कोणत्याहि उपायानें पूर्णपणें निघत नाहीं. मेजावरचा रुमाल बदलावा तसा तो बदलतां येत नाहीं.

लाख आजहि झारखंड, छत्तीसगड, मध्यप्रदेश, पश्चिम बंगाल आणि महाराष्ट्राच्या पूर्वेकडील रानांत पिकते, आणि तेथील आदिवासी कुटुंबांना शेतीच्या जोडीला त्यापासून चार पैसे मिळतात. चपडा आणि स्पिरिट बाजारांत सुलभ आहेत. दुर्मिळ होत चालला आहे तो पुरचुंडी फिरविणारा हात, आणि त्याहून दुर्मिळ झाला आहे तो त्या हाताला आठ दिवस देण्याचा घरमालकाचा धीर. फॅशनी दर पिढीला पालटतात. मागच्या दोनशें वर्षांत त्यांनीं एकाच पलंगाला मेण, लाख, रंग आणि उघडें लाकूड असे चार अवतार घ्यावयास लाविल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. पांचवा अवतार देण्यापूर्वीं जो मनुष्य खुरामागें स्पिरिटाचा एक थेंब ठेवून पाहील, त्याच्या हातून त्या पलंगाचें आयुष्य वाढेल आणि पुढच्या पिढीलाहि आपली आवड ठरविण्यासाठीं कांहीं शिल्लक राहील.